उसाच्या कामांचे पत्रक : तारीख आपली, रंग आपोआप



कापूस, सोयाबीन, तूर ही आपल्या वऱ्हाडातली नेहमीची पिके. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी हा त्यांचा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. शिवारात शेजाऱ्याचा डवरा चालू झाला की आपल्यालाही आठवण होते. उसाचे तसे नाही. सुरू ऊस बारा महिने, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिने आणि आडसाली सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. आपल्या भागात ऊस विखुरलेला, एका गावात दोघांकडे तर पुढच्या गावात एकाकडे. शेजाऱ्याच्या वावरात पाहून काम आठवावे तर शेजारी कपाशी उभी! म्हणून उसाच्या कामाची आठवण तारखेनेच ठेवावी लागते.

आता तारीख ठेवण्याची आपली रीत पाहू. शेतकी मदतनीस बांधावर येतो आणि विचारतो,

"काका, युरियाचा दुसरा हप्ता देल्ला का?"

"देल्ला ना भाऊ, केव्हाचाच!"

"तारीख?"

"आता तारीख कोन ध्यानात ठेवते बापा? महाशिवरात्रीच्या आगेमागे असन."

मदतनीस वहीत 'दिला' असे लिहितो आणि पुढे जातो. काका खोटे बोलले नाहीत, मदतनीसानेही काही चुकीचे लिहिले नाही. पण हप्ता वेळेत पडला की तीन आठवडे उशिरा पडला, हे त्या नोंदीवरून कुणालाच कळणार नाही. वजन काट्यावर घटले की मग विचार सुरू होतो, "काहून घटलं?" बैल गेला आन् झोपा केला, असा हा प्रकार.

यावर एक सोपा उपाय आहे. संगणकावरील किंवा फोनवरील पत्रकात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, कामांच्या तारखा लिहाव्या आणि त्या तारखांवरून ओळीचा रंग आपोआप बदलेल अशी व्यवस्था करावी. या सोयीला 'कंडिशनल फॉरमॅटिंग' म्हणतात. मराठीत 'अटीनुसार रंग' म्हणू. आजच्या पाठात ते पत्रक कसे तयार करावे, ते पाहू. आपले दहावी-बारावीचे मूल शेजारी बसवून हा लेख वाचला तर एका संध्याकाळी काम होईल.

१. हप्ता चुकला तर काय जाते?

आधी हिशेब पाहू, म्हणजे तारखेचे मोल कळेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश द्यावयाचे असते. नत्र एकदम द्यायचे नसते. लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के अशी त्याची वाटणी आहे. स्फुरद व पालाश लागणीला अर्धे आणि बांधणीला अर्धे.

हेक्टरी २५० किलो म्हणजे एकरी सुमारे १०० किलो नत्र झाले. त्यातले ४० टक्के, म्हणजे ४० किलो नत्र, एका दुसऱ्या हप्त्यातच जाते. युरियात नत्र ४६ टक्के असते. तेव्हा ४० किलो नत्रासाठी सुमारे ८७ किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. या वेळी ऊस फुटव्यावर असतो. त्याला भूक लागलेली असताना जेवण मिळाले तर फुटवे जोमदार होतात. महिनाभराने तेवढाच युरिया, तेवढ्याच पैशांचा, तेवढ्याच मजुरीने टाकला तरी फुटव्याची गेलेली वेळ परत येत नाही. खर्च तोच आणि फायदा कमी, असा हा तोटा आहे. तो पावतीवर दिसत नाही, म्हणून आपण त्याला तोटा मानत नाही.

(आपल्या जमिनीची माती परीक्षा झाली असेल तर मात्रा त्या अहवालाप्रमाणे ठरवावी. वेळांची वाटणी मात्र पाळावी.)

२. पत्रक म्हणजे काय?

स्प्रेडशीट म्हणजे उभ्या रकान्यांचे व आडव्या ओळींचे मोठे पत्रक. तलाठ्याचे पीकपाहणीचे पत्रक आपण पाहिले आहे, तसेच हे. फरक इतकाच की यातील एक घर दुसऱ्या घराचा हिशेब स्वतः करते. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे 'व्हिसिकॅल्क' बाजारात आले. घरगुती संगणकावर चाललेले ते असे पहिले पत्रक. पुढे १९८५ साली 'एक्सेल' आले. अटीनुसार रंग देण्याची सोय एक्सेलच्या १९९७ च्या आवृत्तीत आली, तेव्हा एका घराला तीनच अटी घालता येत असत. २००७ च्या आवृत्तीपासून ती मर्यादा गेली. आज 'गुगल शीट्स' फोनवर व संगणकावर फुकट वापरता येते, आणि 'लिब्रे ऑफिस' हा संचही विनामूल्य आहे. तिन्हींत ही सोय आहे. तेव्हा यासाठी पैसे खर्चण्याचे कारण नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. पत्रकाच्या दृष्टीने तारीख म्हणजे आतून एक आकडा असतो. म्हणून तारखेत ४२ मिळविले की ४२ दिवसांनंतरची तारीख मिळते. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, ते पत्रक पाहून घेते. आपला सारा पाठ या एका गोष्टीवर उभा आहे.

३. रकाने कसे आखावे?

पहिल्या ओळीत पुढील सात मथळे लिहावे. रकान्यांची नावे वर इंग्रजी अक्षरांत असतात. त्यांचे उच्चार येथे देत आहोत.

ए – शेत (उदा. 'विहिरीजवळचा एकर')
बी – काम
सी – लागणीची किंवा तोडणीची तारीख
डी – काम केव्हापासून करता येते
ई – शेवटची तारीख
एफ – काम झाल्याची तारीख
जी – कोणी करायचे

दुसऱ्या ओळीपासून एकेक काम लिहावे. डी व ई रकान्यांत तारखा हाताने लिहू नयेत. बरोबरचे चिन्ह देऊन लागणीच्या तारखेत दिवस मिळवावे. जसे, दुसऱ्या हप्त्यासाठी डी मध्ये =सी२+४२ आणि ई मध्ये =सी२+५६. (टाइप करताना अक्षरे व आकडे इंग्रजीतच टाइप करावे, २ ही ओळीची संख्या आहे.)

समजा, सुरू उसाची लागण १५ जानेवारी २०२६ ला झाली. मग पत्रक असे सांगेल :

नांगे भरणे – ३० दिवसांच्या आत, म्हणजे १४ फेब्रुवारीपर्यंत.
नत्राचा दुसरा हप्ता – ४२ ते ५६ दिवस, म्हणजे २६ फेब्रुवारी ते १२ मार्च.
नत्राचा तिसरा हप्ता – ८४ ते ११२ दिवस, म्हणजे ९ एप्रिल ते ७ मे.
मोठी बांधणी व शेवटचा हप्ता – १२० ते १४० दिवस धरल्यास १५ मे ते ४ जून.

खोडव्यालाही असेच. तोडणीनंतर पाचट जाळू नये, सरीत ठेवावे, बुडखे जमिनीलगत छाटावे आणि खत पहारीने भोके घेऊन दोन वेळा द्यावे, पहिला हप्ता १५ दिवसांच्या आत व दुसरा १३५ दिवसांनी. ऊस १ फेब्रुवारी २०२६ ला तुटला असेल तर या तारखा १६ फेब्रुवारी व १६ जून येतात. खोडव्याकडे "तो काय, आपोआप येते" म्हणून पाहण्याची सवय आपल्यात फार आहे. म्हणून खोडव्याच्या ओळी पत्रकात आधी लिहाव्या.

दिवसांचे हे आकडे नमुन्यादाखल आहेत. आपली जात, जमीन व पाणी पाहून शेतकी अधिकाऱ्याला विचारून ते एकदा पक्के करावे. एकदा पक्के केले की दरवर्षी फक्त लागणीची तारीख बदलायची.

४. रंगाचे नियम

आता मुख्य काम. ए ते जी रकान्यांतल्या दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा भाग निवडावा. गुगल शीट्समध्ये 'फॉरमॅट', मग 'कंडिशनल फॉरमॅटिंग', मग 'कस्टम फॉर्म्युला इज' असे जावे. एक्सेलमध्ये 'होम' मध्ये 'कंडिशनल फॉरमॅटिंग', मग 'न्यू रूल' आणि त्यातील सूत्र वापरण्याचा शेवटचा पर्याय. लिब्रे ऑफिसमध्ये 'फॉरमॅट', 'कंडिशनल', 'कंडिशन' व तेथे 'फॉर्म्युला इज'. हे काम संगणकावर एकदा करून घ्यावे. पुढे तेच पत्रक फोनवर उघडले तरी रंग दिसतात.

चार नियम या क्रमाने घालावे :

पहिला, नारिंगी : काम झाले, पण उशिरा.
=अँड($एफ२<>"",$एफ२>$ई२)

दुसरा, हिरवा : काम झाले.
=$एफ२<>""

तिसरा, लाल : मुदत गेली, काम बाकी.
=अँड($सी२<>"",$एफ२="",$ई२<टुडे())

चौथा, पिवळा : काम करण्याची वेळ चालू आहे.
=अँड($सी२<>"",$एफ२="",$डी२<=टुडे(),$ई२>=टुडे())

ज्या ओळीला यातले काहीच लागू नाही ती पांढरी राहते. म्हणजे त्या कामाची वेळ अजून यायची आहे.

यातील खुणा समजून घेऊ. 'टुडे' म्हणजे आजची तारीख. ती पत्रक उघडताच स्वतः बदलते. मधे काही नसलेली दोन अवतरणचिन्हे म्हणजे कोरे घर. '<>' म्हणजे 'बरोबर नाही', तेव्हा एफ कोरे नाही म्हणजे तारीख भरली आहे. 'अँड' म्हणजे कंसातील सगळ्या अटी एकदम खऱ्या हव्या. अक्षरापुढील डॉलरचे चिन्ह पैशाचे नव्हे, ते खुंटीचे आहे. बैल खुंटीला बांधला की तेथेच राहतो, तसे पत्रक प्रत्येक घराचा रंग ठरविताना त्याच रकान्याकडे पाहते. म्हणून सबंध ओळ रंगते. डॉलर विसरला तर ओळीतील घरे वेडीवाकडी रंगतात.

क्रमालाही अर्थ आहे. वरचा नियम लागू झाला की रंग त्याचाच राहतो. नारिंगी वर नसेल तर उशिरा झालेले कामही हिरवे दिसेल. उशीर हिरव्या रंगाखाली दडला तर पुढच्या वर्षी तो सुधारणार कसा?

आता वरचेच उदाहरण घेऊ. आज १ मे २०२६ आहे असे धरा. नांगे १२ फेब्रुवारीला भरले, ती ओळ हिरवी. दुसरा हप्ता २० मार्चला दिला, मुदत १२ मार्चची होती, म्हणून ती ओळ नारिंगी व उशीर आठ दिवसांचा. तिसरा हप्ता अजून बाकी, मुदत ७ मे, म्हणून ती पिवळी. बांधणीची वेळ १५ मे पासून, म्हणून ती पांढरी. ८ मे उजाडला आणि तिसऱ्या हप्त्याची तारीख भरली गेली नाही, तर कुणी हात न लावता ती ओळ लाल होईल. रंग आपण लावला नाही, तो तारखेने लागला. म्हणूनच तो खरा.

५. रंग हाताने लावू नये

पुष्कळ जण पत्रक करतात आणि मग बादली-कुंचल्याच्या खुणेने हातानेच घरे रंगवितात. दिसायला दोन्ही सारखेच. पण हाताने लावलेला रंग तारीख उलटली तरी बदलत नाही. मार्चमध्ये पिवळे केलेले काम जूनमध्येही पिवळेच. शिवाय हाताच्या रंगाला भीड असते. साहेब येणार म्हटले की दोन लाल ओळी हिरव्या होतात! तारखेच्या रंगाला भीड नाही. म्हणून नियम असा ठेवावा : माणसाने फक्त झाल्याची तारीख लिहायची, रंगाला हात लावायचा नाही.

६. नेहमी येणाऱ्या अडचणी

(अ) ओळ रंगतच नाही. बहुधा तारीख शब्दासारखी लिहिली गेलेली असते. '५.३.२६' असे टिंबांनी लिहिले किंवा '५ मार्चला' असे लिहिले तर पत्रक त्याला तारीख समजत नाही. ओळखायची खूण अशी : खरी तारीख घरात उजवीकडे सरकते, शब्द डावीकडे राहतो.

(आ) ५ मार्चचा ३ मे होतो. पत्रक अमेरिकेच्या रीतीवर असेल तर ते महिना आधी वाचते. गुगल शीट्समध्ये 'फाइल', 'सेटिंग्ज' येथे जाऊन देश भारत करावा. हे पहिल्याच दिवशी करावे, नाही तर दोन महिन्यांचा घोळ होतो.

(इ) खालच्या कोऱ्या ओळी लाल होतात. पत्रक कोऱ्या घराला शून्य समजते आणि शून्य हे आजच्या तारखेहून लहानच. वरच्या सूत्रांत 'सी२ कोरे नको' ही अट त्यासाठीच घातली आहे. ती गाळू नये.

(ई) 'झालं', 'केलं', 'होय' असे शब्द एफ मध्ये लिहिणे. तारीखच लिहावी. 'डेटा व्हॅलिडेशन' या सोयीने त्या रकान्यात तारखेशिवाय दुसरे काही लिहूच देऊ नये असे बंधन घालता येते.

(उ) लाल-हिरवा फरक काहींच्या डोळ्यांना कळत नाही, आणि काळ्या शाईच्या छपाईत तर कुणालाच कळत नाही. म्हणून आणखी एक रकाना घेऊन त्यात 'इफ' या सूत्राने 'झाले', 'चालू', 'थकले' हे शब्दही आणावे.

(ऊ) लाल ओळी किती ते मोजायचे असेल तर रंग मोजायला जाऊ नये. नेहमीच्या सूत्रांना रंग दिसत नाही, अट दिसते. 'काउंटइफ्स' या सूत्राने 'ई आजच्या आधीची आणि एफ कोरे' अशा ओळी मोजाव्या.

७. पाण्याची पाळी

आपल्याकडे एप्रिल-मेचे ऊन कसे असते ते सांगायला नको. काटेपूर्णा, वान, ऊर्ध्व वर्धा यांच्या लाभक्षेत्रात कालव्याचे पाणी आवर्तनाने येते. बाकीच्यांची मदार विहिरीवर व बोअरवर. सरीने पाणी देणाऱ्यांनी दुसरे लहान पत्रक करावे. त्यात प्रत्येक तुकड्याची 'शेवटचे पाणी' ही एकच तारीख ठेवावी आणि टुडे() वजा ती तारीख १० पेक्षा अधिक झाली की लाल, ८ पेक्षा अधिक झाली की पिवळा, असे दोन नियम घालावे. लाल वर ठेवावा. दिवस आपल्या जमिनीप्रमाणे बदलावे. भारी काळ्या जमिनीत ते वाढतील, हलक्या जमिनीत कमी होतील. ठिबकवाल्यांचा हिशेब वेगळा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील सभासदांनी पाणी-परीक्षेची ओळही मुख्य पत्रकात घालावी.

८. ऊस बिलाची मुदत

येथवर शेतकऱ्याच्या कामाचे झाले. पण पत्रक एकाच बाजूला लावायचे आणि दुसरी बाजू मोकळी सोडायची, हा न्याय नव्हे. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाने कारखान्यावर अशी जबाबदारी घातली की, दोघांत लेखी वेगळा करार नसेल तर, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे; त्यापुढे उशीर झाल्यास उशिराच्या दिवसांचे दरसाल १५ टक्के दराने व्याज द्यावे.

म्हणून तिसरे पत्रक : वजन पावतीचा क्रमांक, ऊस घातल्याची तारीख, वजन, १४ दिवसांनंतरची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख. नियम वरचेच. १० जानेवारीला ऊस घातला तर मुदत २४ जानेवारी. पैसे २३ फेब्रुवारीला जमा झाले तर ३० दिवस उशीर. एक लाख रुपयांवर १५ टक्क्यांनी ३० दिवसांचे व्याज सुमारे १,२३३ रुपये होते. "पैसे लय दिवसानं आले" असे कार्यालयात सांगणे वेगळे, आणि पावती क्रमांक, दोन्ही तारखा व दिवस दाखविणे वेगळे. पहिल्याला उत्तर 'बघू' असे मिळते, दुसऱ्याला हिशेबानेच उत्तर द्यावे लागते. सभासद हा कारखान्याचा मालक आहे. मालकाजवळ स्वतःची नोंद असावी, यात कुणी वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

९. वारणेचा धडा

ऊस उत्पादकांनी संगणकाचा उपयोग करणे ही काही नवी गोष्ट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ साली केंद्र व राज्य शासनाच्या मदतीने मोठी योजना सुरू झाली. वारणेच्या सहकारी समूहातील सुमारे ७० गावांत ५४ संगणक केंद्रे उघडली गेली. शेती-सल्ला, शिक्षण, बाजारभाव अशा अनेक गोष्टी त्यातून मिळाव्या असा हेतू होता. प्रत्यक्षात त्या केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो उसाच्या कारभारासाठी. माझ्या उसाची नोंद, तोड, वजन, खत आणि पैसे यांचा हिशेब शेतकऱ्याला गावातच कळू लागला. पुढे संगणक जुने झाले, त्यांची देखभाल महाग पडू लागली. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल व त्यावरील लहान संदेश वापरून पाहिला. तीच माहिती तेवढ्यानेही मिळाली आणि खर्च वाचला.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, शेतकऱ्याला शंभर गोष्टी नको असतात. त्याला त्याच्या स्वतःच्या चार-पाच तारखा व आकडे हवे असतात. दुसरी, यंत्र जितके साधे तितके ते टिकते. म्हणून आपल्या पत्रकात सातच रकाने व चारच रंग ठेवले आहेत. उत्साहाच्या भरात वीस रकाने व दहा रंग करू नयेत. पोळ्याच्या बैलासारखे पत्रक सजले तर पाहायला छान, पण कामाला जुंपता येत नाही.

१०. गावात हे कसे चालवावे?

एका गावचे किंवा जवळच्या दोन-तीन गावांचे ऊस उत्पादक मिळून एकच पत्रक ठेवू शकतात. त्यात सभासद क्रमांकाचा रकाना जी रकान्यानंतर घालावा, म्हणजे सूत्रांतील अक्षरे चुकणार नाहीत. पत्रक सर्वांना पाहता यावे. लिहिण्याचा अधिकार मात्र दोघा-तिघांनाच द्यावा. बँक खात्याचे किंवा आधारचे क्रमांक त्यात मुळीच घालू नयेत.

आठवड्यातला एक वार ठरवावा. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा मिनिटे पुरे. पत्रक उघडून फक्त लाल व पिवळ्या ओळी वाचाव्या. हिरव्या वाचण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक लाल ओळीला तीन प्रश्न : काहून राहिलं? आता कोण करणार? केव्हापर्यंत? उत्तर जी रकान्यात लिहावे. 'सर्वांनी करायचे' असे तेथे लिहू नये. सर्वांचे काम ते कुणाचेच काम नसते.

लाल रंग म्हणजे शिक्षा नव्हे, हेही सर्वांना समजावून सांगावे. खत सोसायटीत आले नसेल, मजूर मिळाले नसतील, कालव्याचे आवर्तन लांबले असेल. एकाच गावात पाच जणांचा दुसरा हप्ता एकाच आठवड्यात लाल झाला तर तो पाच जणांचा आळस नसतो. तेथे युरियाची गाडीच पोचलेली नसते. ही गोष्ट पाच वेगळ्या वह्यांत कधीच दिसत नाही, एका पत्रकात एका नजरेत दिसते. लाल ओळ दाखविणाऱ्याला बोलणी बसली तर पुढच्या आठवड्यात तो तारीख खोटी भरेल. मग पत्रक हिरवेगार आणि वावर पिवळे, अशी गत होईल. खोटी तारीख पकडण्याची युक्ती कुठल्याही सूत्रात नाही. ती एकमेकांवरच्या विश्वासातच आहे.

मुदत फार आधीची धरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. शेवटच्या तारखा उगीच ओढून धरल्या तर सारे पत्रक लाल होते, आणि सारेच लाल असले की लाल कुणाला दिसत नाही.

११. घरचा अभ्यास

येत्या रविवारी एवढेच करावे. एकच शेत घ्यावे. सात रकाने आखावे. चार कामे लिहावी. चार नियम घालावे. मग परीक्षा म्हणून एका ओळीची लागणीची तारीख मुद्दाम मागे-पुढे करून पाहावी : पांढरी, पिवळी, लाल अशी ओळ बदलते का? झाल्याची तारीख मुदतीच्या आतली घातली की हिरवी आणि मुदतीनंतरची घातली की नारिंगी होते का? पाचही प्रकार नीट दिसले की खऱ्या तारखा भराव्या आणि बाकीची शेते जोडावी. ज्यांच्या घरी फोन किंवा संगणक नाही त्यांनी हेच सात रकाने वहीत आखावे. रंग आपोआप येणार नाही, पण मुदतीची तारीख आधीच लिहिलेली असेल आणि बाजाराच्या दिवशी ती वाचता येईल. अर्धे काम त्यानेही साधते.

पत्रक ऊस वाढवीत नाही. खत आपणच टाकायचे, पाणी आपणच द्यायचे, बांधणी आपल्याच बैलांनी वा ट्रॅक्टरने व्हायची. पत्रक फक्त वेळ गेली की जाते आहे, एवढेच सांगते, आणि तेही भीड न धरता. यंदा लागण करणाऱ्या प्रत्येक सभासदाने सरी सोडतानाच लागणीची तारीख लिहून ठेवावी. बाकी सारे हिशेब त्या एका तारखेपासून सुरू होतात.